सात माशांचं धरण

प्रत्येक मोठ्या राजवटीनं आपलं मोठेपण पाण्यातून सिद्ध केलं आहे. राजे येतात आणि जातात. त्यांच्या विहिरी, तळी आणि नहरी मागं राहतात. कॉलेजात इतिहास शिकवताना हे वाक्य मी दर वर्षी म्हणत असे आणि मुलं ते दर वर्षी उतरून घेत. पुढं आमच्या घरच्या राजवटीनं जलाशय बांधायचं ठरवलं, तेव्हा उपलब्ध जागा पेरूच्या झाडापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत होती, आणि लाभधारक होते सात मासे.

मासे सासूबाईंचे. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या मुलीनं पुण्याहून येऊन आजीला करमणूक म्हणून काचेची टाकी आणि त्यात अंगठ्याएवढे, कोई जातीचे सात रंगीत मासे आणून दिले. सासूबाई करमाडकडच्या शेतकरी घरातल्या. म्हशी, बैल, कोंबड्या असं कामाचं जित्राब त्यांनी आयुष्यभर सांभाळलेलं.

"ह्ये काय करत्यात?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"काही नाही आजी. नुसतं बघायचं."

"म्हंजी माझ्यासारखंच," सासूबाई म्हणाल्या, आणि बघायला लागल्या.

तोपर्यंत वॉकर धरून खोलीबाहेर जाणं त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. बोलायच्या बायका एकेक करून कमी झालेल्या. टीव्हीवर सगळे एकमेकांवर ओरडतात म्हणून तो बंद. मासे ओरडत नव्हते. सकाळी त्या काचेशी बोट नेत आणि सातही तोंडं बोटापाशी गोळा होत. या घरात आपल्याला बघून एवढ्या तातडीनं दुसरं कुणी उठत नाही, हे त्यांनी आम्हाला ऐकवूनही झालं.

क्रांती चौकाजवळच्या गल्लीतल्या ज्या दुकानातून मासे आणले, त्या दुकानदारानं ही जात वाढत नाही असं सांगितलं होतं. मासे मात्र वाढले. वीतभर झाले, मग वितीहून जास्त. टाकीचं पाणी आज बदललं की उद्या गढूळ. शेवटी दुकानदाराला घरी बोलावलं. तो आला, टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मा, एक खोली में सात पहलवान रख्खे तुमने."

"तूच म्हनला व्हतास ना, वाढत नाय म्हणून?"

"मेरे दुकान में नहीं बढ़े थे ना अम्मा."

मग त्यानं गंभीर होऊन सांगितलं की या टाकीत हे मासे उन्हाळा काढणार नाहीत. पाणी थोडं, ते तापतं, आणि तापलेल्या पाण्यात माशाला श्वास पुरत नाही. एक तर ऊन वाढायच्या आत अंगणात हौद करा, नाही तर मासे मला परत द्या, मी कुठल्या तरी हॉटेलच्या तळ्यात सोडतो. सासूबाईंनी काचेवर ठेवलेला हात तो जाईपर्यंत काढला नाही.

माझा नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर आहे. त्याच्या नोकरीची बरीच वर्षं एका धरणावर गेली. त्या धरणाला दर काही वर्षांनी सुधारित मंजुरी मिळे. नवरा निवृत्त झाला. धरणाला अजूनही मंजुरी मिळते आहे. आईचे मासे जाणार हे कळल्यावर तो कपाटातून टेप घेऊन अंगणात गेला, आणि त्याच्या चालण्यात मला बऱ्याच दिवसांनी एक प्रकारचा सरकारी डौल दिसला.

"सात फूट," परत येऊन त्यानं जाहीर केलं.

"काय सात फूट?" सासूबाईंनी विचारलं.

"खोली. बाष्पीभवन कमी होतं. पृष्ठभाग लहान, खोली जास्त."

"विहीर खणतू का काय?"

"अगं आई, उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं. खालचं गार राहतं. माशांना खाली जायला जागा पाहिजे."

"अन् मी त्यांला बघायला कुठं जायाचं? खाली?"

नवऱ्यानं टेप गुंडाळला. शेजारचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना दीड फूट पुरेसं वाटत होतं, वर कमळं आणि मध्ये एक मूर्ती. त्यांच्या डोक्यात एका रिसॉर्टचा फोटो होता. दीड फूट पाणी आमच्याकडच्या मे महिन्यात चहासाठी ठेवल्यासारखं होतं, आणि दौलताबाद रस्त्याच्या कडेनं फिरणारे बगळे दीड फूट पाण्याला ताट समजतात. मी दुकानदाराला फोन लावला. त्यानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "मॅडम, साढ़े तीन. उससे कम में मच्छी पकती, उससे जादा में अम्मा का चश्मा बदलना पड़ता."

नवऱ्यानं हे मत ऐकून घेतलं. बाजारातल्या माणसाचं मत खात्यात ऐकून घ्यायची पद्धत असते, तसं. आणि सात फुटांच्या हिशोबानं चुना टाकून आखणी केली.

आम्ही राहतो त्या पडेगावात वर हातभर मुरूम असतो. त्याखाली काळा पाषाण लागतो, तो बहुधा थेट पृथ्वीच्या मध्यापर्यंत असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांची पहार त्यावर आदळली आणि देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला. नवऱ्यानं ब्रेकर मागवला. ब्रेकरनं घरातली भांडी मांडणीवर नाचवली, सासूबाईंच्या गोळ्यांची डबी टेबलावरून खाली उतरली, शेजारच्या गृहस्थांनी भिंतीवरून डोकं काढून 'किती वेळ' असं विचारलं, आणि दुपारपर्यंत आमचा खड्डा जेमतेम दोन फुटांवर पोचला. ब्रेकरवाल्यानं मशीन बंद केलं, घाम पुसला आणि म्हणाला, "साहेब, पुढं सुरुंगच लागंल."

खोलीचा वाद अशा रीतीनं कुणा तज्ज्ञानं नव्हे, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं थंड झालेल्या लाव्हारसानं मिटवला. दोन फूट जमिनीत, आणि वर दीड फुटाची भिंत. बेरीज साडेतीन. नवऱ्यानं हा आकडा नंतर सर्वांना 'सर्व बाबींचा विचार करून' असं म्हणून सांगितला. भिंतीची कड सासूबाईंच्या खुर्चीच्या बैठकीएवढी आली. खुर्ची कडेला लावली की वाकायची गरज नाही, नजर सरळ पाण्यात. आतल्या भिंती सरळसोट ठेवल्या, पायरी नाही की उतार नाही, म्हणजे बगळ्याला उभं राहायला जागा नको. एका बाजूला पेरूची सावली, दुसऱ्या बाजूला हिरवी जाळी.

मग गाळणीचा प्रश्न आला. नवऱ्याच्या मते हा प्रश्नच नव्हता. शहराचं पाणी जसं गाळतात तसं गाळायचं: खाली खडी, वर जाड वाळू, त्यावर बारीक वाळू. भांडं घरात होतंच. आमच्या शहरात नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि आठवडा किती दिवसांचा धरायचा ते नळ ठरवतो. त्यामुळं प्रत्येक घरात माणसांपेक्षा निळे ड्रम जास्त असतात. एका ड्रममध्ये वाळूची गाळणी तयार झाली. हौदात टँकरचं पाणी सोडलं, पंप लावला. पहिल्या दिवशी पाणी इतकं स्वच्छ आलं की नवऱ्यानं ते ग्लासात धरून मला दाखवलं. तिसऱ्या दिवशी वाळूवर हिरवी साय धरली, खालून थेंब येईना आणि ड्रम वरून वाहू लागला.

दुकानदार आला, ड्रममध्ये डोकावला, आणि हसू दाबत म्हणाला, "सर, ये तो आपने पीने के पानी का बनाया. मच्छी पानी पीती नहीं, पानी में बैठती."

त्यानं समजावून सांगितलं ते थोडक्यात असं. नुसता कचरा अडवून भागत नाही. माशांच्या घाणीतून एक विष पाण्यात उतरतं, ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळं पाणी नितळ दिसत असताना मासे मरतात. ते विष खाणारे बारीक जीव असतात. त्यांना बसायला जागा हवी, वरून सतत वाहतं पाणी हवं. म्हणून ड्रम दोन. पहिल्यात ब्रश आणि जाळ्या, तिथं गाळ खाली बसणार. दुसऱ्यात विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिकची जाळी, तिथं हे जीव राहणार. पंप एवढा मोठा की तासा-दोन तासांत सगळं पाणी एकदा ड्रममधून फिरून यावं, आणि परत येताना वरून धार पडावी, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. पण दुसरा ड्रम तयार व्हायला काही आठवडे जातात. त्याच्या शब्दांत, "फिल्टर को पकने देना होना."

"आणि ते जीव आणायचे कुठून?" नवऱ्यानं विचारलं. त्याच्या आवाजात निविदा काढायची तयारी होती.

"घर में है. पुरानी टाकी का गंदा स्पंज लाओ, इसमें निचोड़ो."

खुर्चीवरून ऐकत असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी इरजण."

"हौ अम्मा! दही का जामन. बराबर."

"मग येवढा येळ विंग्रजी कशाला बोलत व्हता?"

तो इंग्रजीत बोलत नव्हता, पण त्यांचा मुद्दा सगळ्यांना पटला. जाण्यापूर्वी दुकानदारानं फोनवर एक कारंजं दाखवलं: सिमेंटचा डॉल्फिन, तोंडातून पाणी, पोटात रंगीत दिवे. सासूबाईंनी चष्मा सारखा करून ते नीट पाहिलं. "उलटी केल्यावानी दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

विरजण लागलं. ऊन वाढायच्या आत मासे हौदात सोडले. सोडल्यावर ते तळाशी गेले आणि दिसेनासे झाले. सासूबाई दोन दिवस कडेला बसून रिकाम्या पाण्याकडं बघत राहिल्या. नंतर एका सकाळी काळ्या ठिपक्यांचा मासा, जो टाकीतही सगळ्यांच्या आधी बोटाशी यायचा, वर आला आणि भिंतीला लागून थांबला. मागून बाकीचे सहा. त्या दिवसापासून सासूबाई उठल्या की कुणाला हाक न मारता वॉकर घेऊन अंगणात जाऊ लागल्या. फिजिओथेरपीवाल्या मुलीला जे आठवडेच्या आठवडे जमलं नव्हतं, ते साडेतीन फूट पाण्यानं केलं.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पाणी साठलं की थांबायचं नाही, असा आमच्या घरातल्या खात्याचा शिरस्ता.

आमच्याकडं धरण भरलं की जलपूजन होतं. पुढारी येतात, पाण्याची ओटी भरतात. नारळ, खण, हळदी-कुंकू, फुलं पाण्यात सोडतात, भाषणं होतात, आणि खालच्या दर्जाचे इंजिनिअर मागं उभे राहून पुढाऱ्याचा पाय घसरणार नाही याकडं लक्ष ठेवतात. नवऱ्यानं अशी बरीच जलपूजनं मागं उभं राहून पाहिली होती. त्याच्या स्वतःच्या धरणात ओटी भरण्याएवढं पाणी कधी साठलं नाही.

"आपण करू या," तो म्हणाला.

"अहो, एक टँकर पाणी आहे," मी म्हणाले.

"साठा महत्त्वाचा नसतो. साठवण महत्त्वाची."

मी राज्याभिषेक शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. समारंभाची भूक युक्तिवादानं भागत नाही हे मला माहीत आहे. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "माशांला तरास नाय ना व्हनार?"

"अगं आई, पूजा पाण्याची आहे. माशांचा काय संबंध?"

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका गेली. तीत 'लघु जलाशय' असा शब्द होता. खात्यातून निवृत्त झालेले मोठे साहेब पत्नीसह यायला तयार झाले. नवऱ्याचे जुने सहकारी, गल्लीतली बिऱ्हाडं, एका शेजाऱ्याचा गणपतीतला माइक आणि स्पीकर, असा रविवारी सकाळी जमाव जमला. नवऱ्यानं पांढरा झब्बा घातला होता. सासूबाई आपल्या खुर्चीवर, हौदाच्या कडेला.

मोठे साहेब बोलायला उभे राहिले. "पाणी म्हणजे..." असं म्हणून ते थांबले, कारण फिल्टरमधून पडणाऱ्या धारेचा आवाज त्यांच्या आवाजाच्या वर जात होता. त्यांनी त्या दिशेला फक्त पाहिलं. नवऱ्यानं स्वतः जाऊन पंपाचा प्लग काढला. इतक्या वर्षांची सवय. साहेबांनी पाहिलं की पाणी थांबलं पाहिजे.

भाषण संस्कृतीच्या उगमापासून सुरू झालं आणि उगमापाशी बराच वेळ रेंगाळलं. दरम्यान बायकांची रांग लागली. एकीनं खण आणि नारळ सोडला, दुसरीनं झेंडूचा हार, मग एकेकीनं हळद, एकेकीनं कुंकू. कुणी चिमूटभर टाकून थांबलं नाही. एवढ्या मोठ्या साहेबांसमोर चिमूट बरी दिसत नाही. बँकवाल्या गृहस्थांच्या पत्नीनं पितळी तांब्यातलं दूध ओतलं, आणि तिच्यामागच्या दोघींनी मग आपापल्या घरून तांबे आणले. धरणात हे सगळं दिसेनासं होतं. आमच्या हौदात ते दिसत राहिलं. पाणी वरणावर फोडणी घातल्यासारखं झालं.

तेवढ्यात मासे वर आले. सातही. तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडझाप करत.

"बघा, बघा!" मोठे साहेब माइकवरून म्हणाले. "मासेसुद्धा ऐकायला वर आले!"

टाळ्या पडल्या.

सासूबाईंनी वॉकर फरशीवर आपटला. "ऐकायला नाय आले," त्या म्हणाल्या. "मरायला आले. बंद कर रं ते!"

त्या पूजेबद्दल म्हणत होत्या. मोठ्या साहेबांना वाटलं माइकबद्दल आहे. त्यांनी माइक बंद केला. पण मासे रोज सासूबाईंच्या बाजूला येत, आणि आत्ता ते सगळे पलीकडच्या कोपऱ्यात होते, जिथं एरवी धार पडते. पाण्यात हवा नव्हती. हे मला कळायला जो क्षण लागला, तेवढ्यात नवऱ्यानं धावत जाऊन प्लग लावला. पंप घुरघुरला, पण धार आली नाही. खण आणि झेंडू त्याच्या तोंडावर घट्ट बसले होते. नवरा चपला न काढता हौदात उतरला, खांद्यापर्यंत हात घालून खण ओढून काढला, आणि धार सुरू झाली. ती केशरी होती.

मी दुकानदाराला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "आधा पानी निकालो, आधा डालो," तो ओरडला. "मगर नल का ताज़ा नक्को! उसमें दवा रहती. रख्खा हुआ पानी होना, दो-चार दिन का."

नळाच्या पाण्यातलं औषध उघड्या ड्रममध्ये दोन-चार दिवसांत उडून जातं. असं शिळं पाणी मुंबई-पुण्याच्या माणसाला शोधावं लागलं असतं. आमच्या गल्लीत ते प्रत्येक घरात भरून ठेवलेलं होतं. ज्या पाणीपुरवठ्याला आम्ही रोज शिव्या देतो, त्याचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं नसतं. पण ते मागायचं कसं? आमच्याकडं पाहुण्याला चार वेळा चहा सहज मिळतो; साठवलेल्या पाण्याची बादली मागितली की समोरचा माणूस आधी नळाचा वार मोजतो. अंगणात सगळे आपापल्या पायांकडं बघत उभे होते.

"ज्यानं ज्यानं हळद टाकली," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "त्यानं दोन दोन बादल्या आनायच्या. दूध टाकलं त्यानं चार."

"आजी, आमचा नळ परवा हाय हो," एक जण चाचरत म्हणाली.

"मग परवा भरशील की. ह्यांचा नळ आत्ताच गेलाय."

बादल्या निघाल्या. गेटपासून हौदापर्यंत रांग लागली. पाइप टाकून केशरी पाणी पेरूच्या आळ्यात सोडलं, इकडून स्वच्छ पाणी येत राहिलं. मोठे साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेले, त्यांच्याकडं द्यायला पाणी नव्हतं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, भाषण राहू द्या आता. बादली धरा." ते रांगेत उभे राहिले. त्यांची बादली बुडाशी फुटकी निघाली आणि झब्ब्यावर, बुटांवर धार लागली.

"साहेब, गळती लई हाय तुमची," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"गळती धरूनच अंदाजपत्रक करतात," साहेब म्हणाले आणि बादली पुढं दिली. सकाळपासून ते जे बोलले, त्यातलं मला आवडलेलं हे पहिलं वाक्य.

दुपार चढेपर्यंत पाणी केशरीचं पिवळट झालं. सहा मासे धारेखाली दाटीनं उभे होते, कल्ले हलवत, पण तोंडं आत घेऊन. काळ्या ठिपक्यांचा एका कुशीवर तरंगत होता. दुकानदारानं फोनवर सांगितलं तसं नवऱ्यानं त्याला दोन्ही हातांत धरून धारेच्या समोर ठेवलं, पुढं-मागं हलवत राहिला. तो बराच वेळ असा कमरेभर पाण्यात उभा होता. लोक एकेक करून गेले. जाताना कुणी प्रसाद मागितला नाही.

"आई," शेवटी तो म्हणाला. मासा धरलेले हात त्यानं तिच्यापुढं केले.

"दे इकडं," सासूबाई म्हणाल्या. मासा त्यांनी पदरात घेतला, ठिपक्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "पेरूखाली पूर. खोल पूर, मांजर उकरंल." संध्याकाळी तो आत कपडे बदलत असताना मला म्हणाल्या, "त्याला रागवू नकोस. त्याला वाटलं, लई मोठं पानी हाय."

पुढचे काही दिवस सहा राहतात की तेही जातात, एवढाच प्रश्न घरात होता. दुकानदार येऊन फिल्टर बघून गेला. पहिला ड्रम त्यानं धुवायला लावला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. भाषण चालू असताना पंप बंद होता, म्हणून दुधाचा बराचसा भाग दुसऱ्या ड्रमपर्यंत पोचला नाही, विरजण वाचलं, असं त्याचं म्हणणं. भाषण लांबल्याचा कुणाला फायदा झाल्याचं मी प्रथमच ऐकत होते. नवरा रोज सकाळी थोडं पाणी काढून तेवढंच ड्रममधलं शिळं पाणी घालू लागला. धार एक क्षणही बंद पडू नये म्हणून त्यानं पंपाला इन्व्हर्टरची जोड दिली; फ्रिजला ती अजून मिळालेली नाही. सासूबाई भाकरी ताटात ठेवून अंगणाकडं बघत बसत.

मग एका सकाळी, मी चहा घेऊन गेले तेव्हा, सहाही त्यांच्या खुर्चीच्या बाजूला होते. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. "साखर कमी घातलीस," एवढंच म्हणाल्या, आणि चहा सगळा प्यायल्या.

मे महिना निघाला. सहाही मासे आहेत, आणि लांबीनं वाढत आहेत. मोठ्या साहेबांचा मधून मधून फोन येतो. ते साठ्याची चौकशी करतात आणि नवरा 'पूर्ण क्षमतेनं' असं सांगतो. बघायला कुणी आलं की त्यांना खोलीबद्दलही सांगतो: बाष्पीभवन, तळाचं तापमान, बगळे, आणि सर्व बाबींचा विचार करून साडेतीन फूट. ऐकणारे मान हलवतात. मासे मात्र सकाळपासून सासूबाईंच्या हाताखाली, वरच्या अर्ध्या फुटात असतात, कारण त्या सगळ्यांची नजर चुकवून त्यांना पोळीचा चुरा टाकतात. भर दुपारी ते खाली जात असावेत, पण तेव्हा सासूबाई झोपतात आणि मीही. उरलेल्या तीन फुटांचा काही उपयोग होताना मी अजून पाहिलेला नाही. पाटबंधारे खात्यात अशा पाण्याला मृतसाठा म्हणतात.